‘रक्त आणा’ म्हटल्यावर : फॉर्मपासून पिशवी चढून होईपर्यंत

गावाकडे अजूनही ‘रक्ताची बाटली’ म्हणतात, पण काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची पिशवी आल्याला कैक वर्षं झाली. कायद्याच्या कागदावर २०२० पासून ‘रक्तपेढी’ची ‘रक्तकेंद्र’ झाली आहे. लोकांच्या तोंडी मात्र रक्तपेढीच, म्हणून इथेही तेच म्हणू. हे टिपण दोघांसाठी आहे : हातात फॉर्म घेऊन रक्तपेढीकडे निघालेल्या नातेवाइकासाठी, आणि वॉर्डात पिशवी लावणाऱ्या नव्या सिस्टर-ब्रदरसाठी. दोघांनी एकमेकांचा भाग वाचला तर फारच उत्तम.

पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी बंधनकारक आहे, आणि लोकांची भीती बहुधा याच आजारांभोवती फिरते. चुकीचा ग्रुप चढण्याचा अपघात मात्र वेगळ्याच वाटेने येतो. तिथे बहुतेक वेळा तपासणी चुकलेली नसते. नाव चुकलेलं असतं. एकीचं रक्त दुसरीच्या बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, जातं, किंवा बारा नंबरची पिशवी एकवीस नंबरच्या खाटेवर लागते. ग्रुप बरोबर, क्रॉसमॅच (रुग्णाचं आणि पिशवीचं रक्त आपसात जुळतं का ती चाचणी) बरोबर, माणूस चूक. पुढे नावाबद्दल जे सारखं सारखं येईल ते यासाठी.

खरंच लागतंय का?

हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काही उद्धटपणा नाही. रुग्ण स्थिर असेल, रक्त वाहत नसेल, तर लाल पेशी साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर देतात. हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा’ ही मागणी बऱ्याचदा घरच्यांकडूनच येते. लोह कमी असल्यामुळे हिमोग्लोबिन ८.५ झालेल्या चालत्याबोलत्या बाईला रक्ताची नाही, लोहाची गरज असते : गोळ्या, नाहीतर शिरेतून लोहाचं इंजेक्शन. एका पिशवीने मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या आसपास वाढतं, ३५० मिली दानातली पिशवी असेल तर थोडं कमीच. म्हणून रक्तस्राव नसताना एक पिशवी द्यावी, तपासावं, मग दुसरीचं बघावं.

पावसाळ्यात डेंग्यूची लाट आली की प्लेटलेटसाठी अशीच पळापळ होते. आकडा ४०,००० वर आला की घर हादरतं. पण कुठून रक्त येत नसेल तर प्लेटलेट देण्याचा विचार साधारण १०,००० च्या खाली होतो. त्या आजारात आकड्यापेक्षा रक्तदाब, लघवीचं प्रमाण आणि पोटातलं दुखणं यांच्याकडे डॉक्टरांचं जास्त लक्ष असतं, आणि ते योग्यच आहे.

फॉर्म आणि बल्ब

फॉर्मवर रुग्णाचं पूर्ण नाव, वय, लिंग, इंडोर नंबर, वॉर्ड, खाट, आजार, हिमोग्लोबिन, काय हवं आणि किती, कधी हवं, आधी रक्त चढलंय का, तेव्हा काही त्रास झाला का, आणि बाई असेल तर किती बाळंतपणं नि गर्भपात, एवढं हवं. शेवटचे तीन रकाने सर्रास मोकळे सुटतात. लाल पेशींवर फक्त ए, बी आणि आरएच हेच प्रतिजन, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, नसतात. आधी रक्त घेतलेल्या किंवा गरोदर राहून गेलेल्या माणसाच्या अंगात केल, डफी, किड अशा दुसऱ्या प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्या खुणा असलेल्या पेशींवर धावून जाणारी प्रथिनं, तयार झालेली असू शकतात. रकान्यात तशी नोंद दिसली तर तंत्रज्ञ आधीच सावध होतो. नसेल तर क्रॉसमॅच अडकल्यावर शोध सुरू होतो, आणि रात्री दोनला तो शोध फार लांबतो.

ग्रुपचा रकाना जुन्या कागदावरून, आधारच्या पाकिटातल्या चिठ्ठीवरून किंवा वाहन परवान्यावरून भरू नये. माहीत नसेल तर रिकामा ठेवा. रक्तपेढी तो नव्यानेच काढते.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष. लग्न झालेल्या बाईचा केसपेपर सासरच्या नावाने, आधार कार्ड माहेरच्या नावाने आणि जुने रिपोर्ट तिसऱ्याच स्पेलिंगने. वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं हा योगायोग नव्हे, रोजचा व्यवहार आहे. म्हणून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि इंडोर नंबर हे चारही फॉर्मवर, बल्बवर आणि केसपेपरवर अक्षर न् अक्षर सारखे हवेत. नवजात बाळाला नाव नसतं. तिथे आईचं नाव, बाळाचा स्वतंत्र नंबर आणि हाताला पट्टी. जुळी असतील तर पहिलं-दुसरं हेही लिहायचं.

नमुन्यासाठी साधारण ३ मिली जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये आणि ४ ते ५ मिली प्लेन बल्बमध्ये घेतात. बाळांचं प्रमाण वेगळं, ते रक्तपेढीला विचारावं. ज्या हातात सलाईन चालू आहे त्यातून नमुना काढला तर तो पातळ होतो आणि ग्रुपच्या चाचणीत पेशींच्या गुठळ्या नीट दिसत नाहीत. सुई न काढता सिरिंजमधून जोराने बल्बमध्ये ढकललं की पेशी फुटतात आणि वरचा द्राव लालसर होतो. असा नमुना रक्तपेढी परत पाठवते, कारण क्रॉसमॅचमध्ये पेशी फुटल्या की नमुन्यातच फुटलेल्या होत्या हे मग सांगता येत नाही. त्यात आडमुठेपणा नाही.

बल्बवर नाव लिहायचं ते खाटेजवळ उभं राहून, रक्त काढल्या काढल्या. आधीच नावं टाकलेले रिकामे बल्ब ट्रेमध्ये घेऊन वॉर्डभर फिरणं, किंवा चार जणांचं रक्त काढून टेबलावर येऊन चिकटपट्ट्या लावणं, या दोन सवयींनी जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल. तारीख, वेळ, काढणाऱ्याची सही. रुग्णाचा ग्रुप जुन्या नोंदीशी जुळला नाही, तर दुसऱ्या माणसाने, वेगळ्या वेळी, नवा नमुना काढायचा. तोच बल्ब पुन्हा तपासून उपयोग नसतो. बल्बच दुसऱ्याचा असू शकतो.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल किंवा गरोदरपण असेल, तर क्रॉसमॅचचा नमुना ७२ तासांपेक्षा जुना चालत नाही. नव्या पेशी अंगात गेल्यावर प्रतिपिंडं दोन-तीन दिवसांतही वर येऊ शकतात. सोमवारचा जुळलेला नमुना शुक्रवारी खोटा ठरतो.

काय मागितलंय ते ओळखा

पीसीव्ही म्हणजे लाल पेशी. २ ते ६ अंश सेल्सिअसला राहतात. पेशी टिकवणाऱ्या साध्या सीपीडीए द्रावणात ३५ दिवस, सॅगएम हे जादा द्रावण घातलेलं असेल तर ४२ दिवस. एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा, रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर द्राव. उणे ३० अंशांखाली वर्षभर टिकतो, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून देतात, आणि एकदा वितळला की पुन्हा गोठवता येत नाही. म्हणून वॉर्डात सुई लागलेली आणि रुग्ण तयार असल्याशिवाय ‘वितळवा’ म्हणू नये. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या यंत्रावर, फक्त ५ दिवस. एका साध्या दानातून निघते ती आरडीपी, मोठ्या माणसाला साधारण दर १० किलो वजनामागे एक. यंत्रावर एकाच दात्याकडून काढलेली ती एसडीपी, जी पाच-सहा आरडीपींचं काम करते.

लेबलचे रंग ठरलेले आहेत : ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. रंग पाहून खात्री करायची नाही, पण रंग विसंगत दिसला तर थांबायचं.

लाल पेशींमध्ये ओ सगळ्या ग्रुपांना चालतो, प्लाझ्मात नेमकं उलट : एबीचा प्लाझ्मा सगळ्यांना. बी ग्रुपच्या रुग्णासाठी ओ ग्रुपची पीसीव्ही आली म्हणून नातेवाईक भांडायला उठतात. ती चूक नसते, साठा नसताना काढलेली बरोबर वाट असते. मात्र बी रुग्णाला ए पीसीव्ही आली तर एक थेंबही जाता कामा नये.

रक्तपेढीच्या खिडकीवर

पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण ते एक तास लागतो. ग्रुप काढणं, प्रतिपिंडं शोधणं, रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारा द्राव) दात्याच्या पेशींबरोबर ३७ अंशांना ठेवून, पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं दाखवणाऱ्या कूम्ब्स पद्धतीने पाहणं हे घाईने होत नाही. अगदी जीवघेणा रक्तस्राव असेल तर डॉक्टरांच्या लेखी मागणीवर क्रॉसमॅच पूर्ण होण्याआधी रक्त मिळतं : ग्रुप कळायच्या आधी ओ, आणि मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर ओ निगेटिव्ह. हा निर्णय डॉक्टरांचा, सहीही त्यांचीच. खिडकीवरच्या तंत्रज्ञाशी वाद घालून तो मिळत नाही.

रक्त विकत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशभर बंदी आहे. जे घेतात ते तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०२२ च्या दरांनुसार पीसीव्हीच्या पिशवीला सरकारी पेढीत कमाल ११०० आणि खासगी पेढीत १५५० रुपये, आरडीपी किंवा प्लाझ्माला अनुक्रमे ३०० आणि ४००. विषाणूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या नॅटसारखी जादा चाचणी केली असेल तर तिचे पैसे वेगळे. पावतीवर ते वेगळे दिसले पाहिजेत. कुठे काय शिल्लक आहे ते ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, पण निघण्याआधी फोन करावाच, कारण पडद्यावरचा आकडा सकाळचा असू शकतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद, शिबिरं कमी, साठा आटलेला. ठरलेली शस्त्रक्रिया तेव्हा असेल तर आठवडाभर आधी बोलून ठेवा.

बदली दाता मागितला तर त्याचा ग्रुप रुग्णाशी जुळायची गरज नाही. त्याची पिशवी साठ्यात जाते, रुग्णाला दुसरी मिळते. दाता १८ ते ६५ वयाचा, ४५ किलोंच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषाने आधी दिलेलं असेल तर ९० दिवस आणि बाईने १२० दिवस उलटलेले हवेत. वर्षाच्या आत टॅटू काढला असेल तर चालत नाही. खरं पाहता बदली दात्याच्या पद्धतीबद्दल आमचं मत चांगलं नाही. भावकीच्या डोळ्यांदेखत उभा केलेला माणूस आपली कावीळ किंवा इतर काही लपवण्याची शक्यता जास्त, आणि २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाची दिशाही ऐच्छिक रक्तदानाचीच आहे.

‘बाहेरचं नको, माझंच द्या’ हा हट्ट तर सोडूनच द्या. सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे ठाण मांडतात आणि मग रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, अस्थिमज्जेवर उलटतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वाचणं अवघड. किरणोत्सर्ग दिलेली पिशवी हाच त्यावरचा उपाय, आणि ती सोय सगळीकडे नाही. मूल व्हायचं असलेल्या बायकोला नवऱ्याचं रक्त देणं आणखी वाईट : त्याच्या पेशींविरुद्ध तिच्यात प्रतिपिंडं झाली, तर पुढच्या बाळाच्या पेशींवर तीच धावून जातात.

एक खास आपल्याकडचा गुंता. रुग्णाचा ग्रुप ‘ओ’ येतो, पण ओ ग्रुपच्या एकाही पिशवीशी क्रॉसमॅच जुळत नाही. अशा वेळी बॉम्बे ग्रुपची शंका घ्यायची. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. ए आणि बी ज्याच्यावर बांधले जातात तो एच प्रतिजनच या लोकांच्या पेशींवर नसतो, आणि सीरममध्ये त्याच्याविरुद्ध जोरदार प्रतिपिंडं असतात. ओ पेशींवर एच भरपूर, म्हणून सर्वांना चालणारा ओ यांनाच चालत नाही. फक्त पेशी तपासून ग्रुप काढला तर हा माणूस बेमालूम ओ म्हणून निसटतो. सीरमची उलट तपासणी ओ पेशींसह केली आणि अँटी-एच लावून पाहिलं की उघडा पडतो. यांना फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त. सख्खी भावंडं आधी तपासावीत; तिथे जुळण्याची शक्यता बरीच असते, आणि नात्यातलं रक्त घ्यावं लागतंय म्हटल्यावर किरणोत्सर्गाची सोय शोधावी.

वाटेत

पिशवी शर्टाच्या आत, बाइकच्या डिकीत किंवा टपरीवरून घेतलेल्या बर्फाच्या कॅरीबॅगमध्ये नेऊ नये. बर्फाला थेट टेकलेल्या लाल पेशी गोठून फुटतात, आणि फुटलेल्या पेशी शिरेत गेल्या तर मूत्रपिंडावर येतं. थर्माकोलची पेटी, तळाशी आइसपॅक, मध्ये पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची जाड घडी, वर पिशवी. प्लेटलेटच्या पेटीत बर्फ अजिबात नाही. गोठलेला प्लाझ्मा नेत असाल तर आपटू नका; गोठलेलं प्लास्टिक काचेसारखं तडकतं आणि ते वितळवल्यावरच कळतं.

पिशवी बाहेर काढल्यापासून ३० मिनिटांत लागली पाहिजे. लागणार नसेल तर त्याच वेळात परत करायची. वॉर्डातला औषधांचा फ्रीज त्यासाठी नाही : त्याचं तापमान दर उघडझापेला बदलतं, आणि फ्रीझरजवळ ठेवलेली पिशवी गोठते. थंड आहे म्हणून गरम पाण्यात बुडवणं, उन्हात ठेवणं, रुग्णाच्या मांडीखाली सारणं, हे सगळं बंद. ४२ अंशांच्या पुढे पेशी फुटू लागतात. सावकाश चढणारी एखाद-दुसरी पिशवी गरम करावी लागतच नाही. भराभर अनेक पिशव्या चढवायच्या असतील तर त्यासाठी ब्लड वॉर्मर असतो.

लावण्याआधी, खाटेजवळ

पिशवी येण्याआधीच सुई लागलेली असू द्या : मोठ्या माणसाला १८ किंवा २० नंबर, लहानांना २२-२४ चालते. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास मोजून लिहा. संमतिपत्रावर सही झाली का पाहा. आधीच ताप असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण नंतर चढलेला ताप कुणाचा हे ओळखता येणार नाही.

मग पिशवी उजेडात धरा. गळती, गुठळ्या, वरचा प्लाझ्मा लालसर, किंवा सगळीच पिशवी जांभळी-काळपट दिसली तर ती परत. मुदत पाहा. पिशवीचा नंबर आणि ग्रुप हे पिशवीवर, सोबतच्या क्रॉसमॅच चिठ्ठीवर आणि रजिस्टरमध्ये एकच आहेत का ते दोघांनी, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने बघून, जुळवा. हे काम नर्सिंग स्टेशनवर करून पिशवी मामांच्या किंवा मावशींच्या हाती देऊन ‘बारा नंबरला लावा’ म्हणणं म्हणजे केलेली सगळी तपासणी पाण्यात.

रुग्णाला नाव विचारायचं, सांगायचं नाही. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ म्हटलं की तापाने गुंगलेली किंवा कमी ऐकू येणारी बाई मान डोलावते. ‘ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणा, मग हातावरची पट्टी आणि इंडोर नंबर जुळवा. शुद्धीत नसेल तर पट्टी, आणि जवळच्या नातेवाइकाकडून नाव वदवून घ्या. नातेवाइकांनो, हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी वैतागू नका. विचारला नाही तर मात्र आठवण करून द्या.

चढवताना

बीटी सेटच, म्हणजे रक्त चढवण्यासाठीचा खास नळीचा सेट, वापरायचा. त्यात १७० ते २०० मायक्रॉनची गाळणी असते, साध्या सलाईनच्या सेटमध्ये नसते. सेट फक्त साध्या मिठाच्या सलाईनने, म्हणजे ०.९ टक्के एनएसने भरायचा. डेक्स्ट्रोजमध्ये लाल पेशी फुगून फुटतात. रिंगर लॅक्टेट या सलाईनमधलं कॅल्शियम पिशवीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटवर मात करतं आणि नळीतच गुठळ्या होतात. पिशवीत किंवा त्याच नळीत कुठलंही इंजेक्शन टोचायचं नाही.

पहिली १५ मिनिटं सावकाश, मिनिटाला १ मिलीच्या आसपास. सेटच्या पाकिटावर मिलीला किती थेंब ते लिहिलेलं असतं. २० असतील तर मिनिटाला २० थेंब. या वेळात सिस्टरने रुग्णापासून हलायचं नाही. चुकीच्या ग्रुपची प्रतिक्रिया पहिल्या ३० ते ५० मिलीतच डोकं वर काढते, आणि तिथेच थांबवलं तर वाचण्याची शक्यता मोठी. १५ मिनिटांनी पुन्हा ताप, नाडी, रक्तदाब. सगळं ठीक असेल तर वेग वाढवा. समजा पिशवी २८० मिलीची आहे. १५ गेले, उरले २६५. अडीच तासांत संपवायचे तर मिनिटाला पावणेदोन मिलीपेक्षा थोडे जास्त, म्हणजे २० थेंबांच्या सेटवर ३५ थेंब. दर तासाला पुन्हा मोजणी.

पिशवी बाहेर काढल्यापासून ४ तासांत संपलीच पाहिजे. उरली तर टाकून द्यायची. खोलीच्या तापमानात जंतू वाढायला तेवढा वेळ पुरतो. प्लेटलेट आणि प्लाझ्मा अर्ध्या ते एका तासात जातात.

इथे एक पेच येतो. हिमोग्लोबिन ३-४ वर आलेली, कित्येक महिने तशीच वावरणारी बाई, म्हातारा माणूस, कमजोर हृदय किंवा मूत्रपिंड : यांना तासाला किलोमागे १ मिलीपेक्षा वेगाने दिलं की फुप्फुसात पाणी भरतं. ५० किलोच्या बाईला तासाला ५० मिली, चार तासांत २००. पिशवीतले ८० उरतात. तेव्हा वेग वाढवायचा नाही. रक्तपेढीला आधीच सांगून पिशवीचे दोन भाग करून घ्यायचे, पहिला १४० मिलीचा पावणेतीन तासांत, दुसरा तोवर त्यांच्या फ्रीजमध्ये. अशा रुग्णाला लघवी वाढवणारं इंजेक्शन द्यायचं का हेही आधी ठरवून घ्या. याउलट प्रत्येकाला रक्ताआधी अ‍ॅव्हिल-डेक्सा ही अ‍ॅलर्जी दाबणारी इंजेक्शनं आणि दर दोन पिशव्यांनंतर कॅल्शियम टोचण्याची जी रीत पडलीय, तिला साध्या, सावकाश चढणाऱ्या पिशवीत आधार नाही. पूर्वी पित्त उठलेलं असेल त्याची गोष्ट वेगळी.

बिघडलं तर

थंडी वाजून येणं, तापात १ अंशाची वाढ, पाठीत किंवा कमरेत कळ, सुईच्या वाटेवर जळजळ, छातीत दडपण, दम, अंगावर गांधी, आणि ‘काहीतरी विचित्र होतंय’ असं रुग्णाचं म्हणणं. शेवटचं लक्षण हसण्यावारी नेऊ नका. घोर प्रतिक्रियेत बऱ्याचदा तेच पहिलं असतं. भूल दिलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. तिथे जखमेतून न थांबणारं झिरपणं, पडता रक्तदाब आणि लाल-काळी लघवी पाहायची.

पहिलं काम : रक्त बंद. सुई काढायची नाही, ती जीवनरेखा आहे. सेट पिशवीसकट बाजूला करून नव्या सेटने एनएस चालू करा. जुन्याच नळीतून सलाईन सोडलं तर नळीतलं रक्त आत जातं. डॉक्टरांना हाक. तोवर पिशवीवरचं नाव-नंबर आणि रुग्णाची पट्टी पुन्हा ताडून पाहा. चूक निघाली तर लगेच रक्तपेढीला फोन करा : एकीची पिशवी इथे लागली असेल, तर हिची पिशवी दुसऱ्या खाटेवर लागत असण्याची दाट शक्यता. हा फोन करायचं घाबरलेल्या वॉर्डाला हमखास सुचत नाही.

नुसतं पित्त उठलं असेल, दम नाही, रक्तदाब ठीक, तर अँटिहिस्टामिन देऊन पुरळ बसल्यावर तीच पिशवी सावकाश पुन्हा चालू करता येते. एवढा एकच अपवाद. ताप-थंडी असेल तर ती साधी आहे की पेशी फुटताहेत की पिशवीत जंतू आहेत हे खाटेजवळ उभं राहून कळत नाही, म्हणून बंद ते बंदच. प्लेटलेट चालू असताना हुडहुडी भरली तर जंतूंचा संशय अधिक धरा, कारण ती पिशवी फ्रीजबाहेरच राहिलेली असते. दम लागून रक्तदाब चढला असेल तर पाणी जास्त झालं. बसतं करा, ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन. दम लागून रक्तदाब उतरला, तोही सहा तासांच्या आत, तर दात्याच्या प्लाझ्मातल्या प्रतिपिंडांनी फुप्फुसाला इजा केली असण्याची शक्यता. तिथे लघवीच्या इंजेक्शनाने उलट घात होतो.

रक्तपेढीकडे काय पाठवायचं : उरलेली पिशवी सेटसकट, दुसऱ्या हातातून काढलेले नवे दोन बल्ब, पहिली लघवी आणि प्रतिक्रियेचा फॉर्म. पेढी रुग्णाचा आणि दात्याचा जुना नमुना ७ दिवस जपून ठेवते, त्यामुळे ग्रुप आणि क्रॉसमॅच पुन्हा करून चूक कुठे झाली हे सांगता येतं. पिशवी कचऱ्यात गेली की हा मार्ग बंद होतो. २०१२ पासून देशात हीमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्त चढवल्यामुळे झालेल्या त्रासांची नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे. त्यात नोंद करताना कुणाला दोषी ठरवायचं नसतं.

पिशवी संपल्यावर

संपल्याची वेळ, किती मिली गेलं, शेवटची मोजणी हे लिहून क्रॉसमॅच चिठ्ठी केसपेपरला टाचा. रिकामी पिशवी लगेच न फेकता काही तास वेगळी ठेवलेली बरी, मग पिवळ्या डब्यात. हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तरी चालतं.

घरी गेल्यावर ३ ते १४ दिवसांत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ताप आला किंवा वाढलेलं हिमोग्लोबिन अचानक उतरलं, तर कावीळ म्हणून झाडपाल्याच्या मागे न लागता त्याच दवाखान्यात या आणि ‘अमुक तारखेला रक्त चढलं होतं’ हे आधी सांगा. जुनं, विरलेलं प्रतिपिंड नव्या पेशी पाहून पुन्हा उसळलेलं असतं. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांत हे अधिक, कारण त्यांना वारंवार रक्त लागतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची घरं पुष्कळ आहेत. त्यांनी पहिल्या पिशवीच्या आधीच आरएचचे सी, ई आणि केल हे प्रतिजन तपासून मागावेत. एकदा रक्त चढलं की दात्याच्या पेशी मिसळतात आणि साध्या पद्धतीने ते कळत नाही. सरकारी रक्तपेढीत या रुग्णांना शुल्क लागत नाही.

रक्तपेढीने प्रतिपिंडाचं कार्ड दिलं असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये आणि लॅमिनेट केलेली प्रत आधारच्या पाकिटात ठेवा. वर्षभराने दुसऱ्या गावच्या दवाखान्यात तपासलं तर प्रतिपिंड सापडेलच असं नाही. नमुना बिनबोभाट जुळेल, आणि फॉर्मवरच्या त्या रिकाम्या रकान्यात ते कार्ड पाहून लिहिलेली ओळ तेवढी पेढीला अडवेल.